स्वमग्नता आणि मातृदोषाचा सिद्धांत : एक ऐतिहासिक आढावा (१९४३ ते १९७७)

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही बालकाच्या मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून ती संगोपनातील उणिवेमुळे उद्भवत नाही, हे आज सर्वमान्य आहे. मात्र या निष्कर्षाप्रत येण्यास मानसोपचारशास्त्राला तीन दशकांहून अधिक काळ लागला. दरम्यान दोषाचे खापर मुख्यतः आईवर फुटले.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ८ मुलगे व ३ मुली अशा ११ बालकांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. माणसांविषयीची अलिप्तता, बदल सहन न होणे, ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे, स्वतःसाठी ‘मी’ऐवजी ‘तू’ वापरणे ही लक्षणे त्यांनी नेमकेपणाने टिपली. ही अक्षमता उपजत असावी, असे त्यांनीच नोंदविले होते. परंतु त्याच निबंधात पालकांच्या भावनिक कोरडेपणाचाही उल्लेख होता. १९४९ मध्ये तर ही बालके जणू रेफ्रिजरेटरमध्ये ठेवली गेली होती, अशी उपमा त्यांनी दिली. पुढे उपमाच रूढ झाली, उपजततेचा मुद्दा मागे पडला. हे पालक बहुतांशी उच्चशिक्षित होते. पण त्या काळी अशा तज्ज्ञापर्यंत पोहोचू शकणारा वर्ग कोणता, हा साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

शिकागो येथील ऑर्थोजेनिक स्कूलचे संचालक ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्टी फोर्ट्रेस’ (१९६७) या ग्रंथात हा विचार टोकास नेला. नाझी छळछावणीत स्वतः राहिलेल्या या लेखकाने तेथील कैद्याची मनःस्थिती आणि स्वमग्न बालकाची मनःस्थिती यांची तुलना केली. साहजिकच बालकाला घरापासून दूर ठेवणे हा उपचाराचा भाग ठरला. भाषा व परस्परसंवाद रुजण्याच्या वयात ज्या व्यक्तीच्या सहवासाची बालकाला सर्वाधिक गरज, तिच्यापासूनच त्याला तोडले गेले.

या सिद्धांताला आव्हान मिळाले ते एका पालकाकडून. अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. ‘इन्फंटाइल ऑटिझम’ (१९६४) या ग्रंथात त्यांनी दाखविले की, याच मातांची इतर अपत्ये बहुधा सर्वसाधारणपणे वाढतात. विशेष म्हणजे या ग्रंथाची प्रस्तावना कॅनर यांची होती. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

निर्णायक पुरावा १९७७ मध्ये पुढे आला. सुसान फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली. १० द्विबीज जोड्यांत एकही नाही. भाषा व आकलनाच्या अडचणी जमेस धरता हेच प्रमाण अनुक्रमे ९ आणि १ असे होते.