अंजनेरीच्या कड्यावर पुन्हा गिधाडे

माघ सरत आला की त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या कड्यावरचे पांढरे ओघळ दुरूनही दिसतात. ओघळ विष्ठेचे असतात, आणि जिथून ते सुरू होतात त्या कपारीत लांब चोचीच्या गिधाडाचे घरटे असते. हिवाळ्याच्या तोंडावर मादी एकच अंडे घालते. वसंत लागतो तेव्हा पिल्लू अजून कपारीतच असते आणि नर-मादी आळीपाळीने त्याला भरवत असतात.

या मुलखाचे गिधाडाशी नाते जुने आहे. सीतेसाठी रावणाशी झुंजलेल्या जटायूने शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते.

गावगाड्यात मात्र या पक्ष्याचे काम रोकडे होते. बैल मेला की तो गावाबाहेर ओढून नेला जाई, कातडे सोलले जाई आणि उरलेल्या मांसाचा फडशा गिधाडांचा थवा बघता बघता पाडी. ढोर ओढण्याचे ते काम जातीच्या नावाखाली माणसांवर लादलेले होते, आणि त्या जुलमाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवाज उठवला, हेही या इतिहासात सांगायलाच हवे. पक्षी मात्र आपले काम करतच राहिले. 1980च्या दशकापर्यंत देशात गिधाडे इतकी होती की त्यांची मोजदाद करावी असे फारसे कुणाला वाटले नाही.

मग दहा-पंधरा वर्षांत आकाश रिकामे झाले. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीची सुमारे 97 टक्के. रोग असावा, असा संशय आधी होता. 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून खरे कारण कळले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारताने 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम हा पर्याय हाताशी होता.

बंदीने विष थांबेल, पण खायला काय? मेलेली जनावरे गावाबाहेर टाकण्याची जुनी रीत मोडली होती, आणि वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी उपासमारीतून लवकर सावरत नाही. त्र्यंबक तालुक्यातच हरसूलजवळच्या खोरीपाड्याने वाट दाखवली. वनखाते आणि आदिवासी गावकऱ्यांनी तिथे गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ उभे केले. गावात जनावर मेले की कळवायचे आणि ते कुंपणाच्या आत आणून टाकायचे. जुनी रीत परत आली, पण या वेळी गावाच्या राजीखुशीने, आणि त्या जागी गिधाडे उतरू लागली. या कामाचे श्रेय आधी खोरीपाड्याच्या लोकांना द्यायला हवे.

घरट्यांच्या जागेचे म्हणाल तर, 2017 साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला आणि नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे रास्त आहे. डोंगरावरच्या हनुमानाच्या दर्शनाला पायवाट आहेच, भाविक पिढ्यान् पिढ्या तीच चढत आले. गिधाडांसाठी मात्र या कपारींना पर्याय नाही. अंजनेरीवर रोपवे होऊ नये.