बऱ्या झालेल्यांच्या रक्ताची साक्ष

मास्क नीट लावा. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही बोटांनी दाबा आणि पोकफुलमचा चढ चढायला लागा. हाँगकाँग बेटाची ही पश्चिम बाजू, मार्च २००३ चा तिसरा आठवडा. वर क्वीन मेरी हॉस्पिटल दिसतंय. हाँगकाँग विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तिथेच काम करतात. एकच पथ्य पाळायचं: सार्स या नव्या आजाराचं कारण काय, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, ते बोलायचं नाही. आणि बोललात तरी कुणी मनावर घेईल असं नाही. या साली माणसाच्या कोरोनाविषाणूंना सर्दीपलीकडे फारशी किंमत नाही. त्यांचा धाक आहे तो पशुवैद्यांना. कोंबड्या, डुकरांची पिल्लं, मांजरं या विषाणूंनी मरताना त्यांनी पाहिली आहेत. माणसांच्या डॉक्टरांना तो धडा परीक्षेपुरता आठवतो.

चढावर दम लागला तर थांबा, तेवढ्यात मागचा महिना आठवून घ्या. २१ फेब्रुवारीला ग्वांगझूहून लिऊ जिआनलुन नावाचे डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात उतरले. नववा मजला, खोली ९११. ग्वांगडाँग प्रांतात त्यांनी विचित्र न्यूमोनियाचे रुग्ण तपासले होते आणि ते स्वतः आजारी होते. त्याच हॉटेलातल्या पाहुण्यांनी हा आजार हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला नेला. हनोईत जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी यांनी तो ओळखून धोक्याची घंटा वाजवली. तुम्ही हा चढ चढताय त्या घटकेला ते बँकॉकच्या रुग्णालयात आहेत. २९ मार्चला ते जातील. हेही बोलायचं नाही.

आता प्रयोगशाळेच्या दाराशी या. गाऊन, हातमोजे, पुन्हा एकदा मास्क. विषाणूंच्या कामाची सूत्रं मलिक पीरिस यांच्याकडे आहेत. जन्म श्रीलंकेतल्या कॅंडीचा, वैद्यकीय शिक्षण पेरादेनियाचं, पुढे ऑक्सफर्ड. १९९७ साली याच शहरात बर्ड फ्लू माणसांत शिरला, १८ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. त्या वेळी पीरिस इथेच होते. त्यामुळे या खेपेलाही पहिला संशय बर्ड फ्लूवरच गेला. फेब्रुवारीत फुजियानहून परतलेल्या एका कुटुंबात तो सापडलाही, म्हणजे संशयाला पुरावाही मिळाला. हा पुरावा खरा होता आणि दिशा साफ चुकीची होती.

बाहेर तर्कांचा बाजार भरलाय. बीजिंगमधून क्लॅमिडियासारख्या जिवाणूचं नाव आलंय. जर्मनीत आणि खुद्द हाँगकाँगमधल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत गोवराच्या कुळातला विषाणू दिसलाय. यातलं कुणी खोटं बोलत नाहीये. आजारी माणसाच्या घशात बरंच काही सापडतं. गर्दीत दिसलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, एवढंच.

पीरिस यांच्या टेबलाशी वाका. सपाट बाटलीत गुलाबीसर द्रव आहे, त्याच्या तळाशी माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी चिकटून वाढताहेत. त्यांच्यावर एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या तुकड्यातला अंश सोडलाय. नेहमीच्या श्वसनविषाणूंसाठी जे पेशींचे वाण वापरतात, त्यांवर काहीच उगवलं नव्हतं. म्हणून हा वेगळा वाण घेतला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पहिल्या दिवशी काही नाही. दोन ते चार दिवसांनी मात्र काही पेशी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, चकचकीत होऊन तळापासून सुटायला लागतात. तो द्रव दुसऱ्या बाटलीत टाकला की तिथे हाच प्रकार चोवीस तासांत घडतो. म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे आणि ते वाढतंय. फ्लू, ॲडेनो, ज्या ज्या विषाणूंच्या चाचण्या हाताशी आहेत त्या सगळ्या लावून पाहिल्या. एकही जुळत नाही.

तुमच्या जिभेवर ते नाव आलंय. गिळा.

कारण पुढचं पाऊल पाहण्यासाठीच तुम्हाला इथवर आणलंय. विषाणूचं नाव ठाऊक नसताना हाच दोषी, हे कसं ठरवायचं? पीरिस यांचे सहकारी रुग्णांच्या रक्ताकडे वळतात. संसर्ग झालेल्या पेशी काचेच्या पट्टीवर घेतात आणि त्यांवर रुग्णाच्या रक्तातलं सीरम सोडतात. त्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर ती पेशींना चिकटतील आणि पट्टी हिरवी चकाकेल. आजाराच्या सुरुवातीला घेतलेलं सीरम: अंधार. त्याच माणसाचं नंतर, शरीराने लढा दिल्यावर घेतलेलं सीरम: हिरवं. एकामागून एक रुग्ण, तोच निकाल. मग २०० निरोगी रक्तदात्यांचं सीरम लावून पाहिलं जातं. एकही चकाकत नाही. याचा अर्थ या शहरातल्या निरोगी माणसांच्या शरीराची या विषाणूशी पूर्वी गाठच पडलेली नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत देखणा प्रयोग. ज्याला यंत्रं ओळखत नव्हती, त्याला बऱ्या होणाऱ्या माणसांचं रक्त ओळखत होतं.

नाव त्यानंतर येतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कोरोनाविषाणूची ठेवण दिसते. पीरिस यांचे सहकारी लिओ पून यांना ६४६ अक्षरांचा जनुकीय तुकडा मिळतो, त्याचं गाईगुरांच्या आणि उंदरांच्या कोरोनाविषाणूंशी लांबचं नातं निघतं. एकूण ५० रुग्णांपैकी ४५ जणांत या विषाणूची खूण सापडते. अटलांटातले शास्त्रज्ञ याच सुमारास याच उत्तराशी पोचतात.

हे योगायोगाने होत नाहीये. १७ मार्चपासून जागतिक आरोग्य संघटनेचे क्लाउस श्टोर यांनी जिनिव्हातून ९ देशांतल्या ११ प्रयोगशाळा फोनवर एकत्र बांधल्यात. एरवी एकमेकांच्या आधी शोधनिबंध छापायला धडपडणारी ही मंडळी रोज एकमेकांना कच्चे निकाल सांगताहेत. एप्रिलच्या मध्यापर्यंत कॅनडातून सुमारे २९,७०० अक्षरांचा पूर्ण जनुकसंच येतो. रॉटरडॅममध्ये माकडांना हा विषाणू दिल्यावर तोच आजार उभा राहतो. १६ एप्रिलला जिनिव्हा जाहीर करते: सार्सचं कारण हाच नवा कोरोनाविषाणू.

आता मे महिन्यात उडी घ्या, सीमा ओलांडून शेनझेनच्या जिवंत प्राण्यांच्या बाजारात. नाकाला रुमाल लावावासा वाटेल इतका उग्र दर्प. पिंजऱ्यांत उदमांजरं दाटलीत. पीरिस यांचे सहकारी ग्वान यी प्राण्यांच्या नाकातले आणि विष्ठेतले नमुने घेताहेत, आणि उदमांजरांत जवळजवळ तोच विषाणू निघतो. पण तुम्ही विक्रेत्यांकडे बघा. रानटी प्राणी विकणाऱ्या २० जणांपैकी ८ जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात, भाजी विकणाऱ्या २० जणांपैकी एकाच्याच. त्या ८ जणांपैकी कुणालाही सार्स झाल्याची नोंद नाही. विषाणू इथल्या माणसांना आधीपासून चाचपत होता, आणि हे पुन्हा रक्तानेच सांगितलं. उदमांजरं मधले दलाल होती, मूळ घर वटवाघळांत, हे २००५ साली कळलं.

आपल्याकडे काय झालं, असं तुम्ही विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात भारतासमोर ३ रुग्ण आहेत, मृत्यू शून्य. पहिला रुग्ण गोव्यात निघाला. नमुने तपासले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने.

५ जुलै २००३ ला संसर्गाची शेवटची साखळी तुटल्याचं जाहीर झालं. एकूण ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. रुग्णांत दर पाचांमागे एक जण आरोग्यसेवेतला.

त्यानंतरचा प्रवास करायला तुम्हाला चढ नाही, उतारच आहे. रोग गेला तसा संशोधनाचा पैसा गेला. २०१२ साली सौदी अरेबियात मर्स आला, उंटांकडून माणसांत शिरणारा दुसरा जीवघेणा कोरोनाविषाणू, तरी जगाने त्याला वाळवंटाचा प्रश्न ठरवलं. ह्यूस्टनमध्ये पीटर होटेझ यांच्या गटाने सार्सविरुद्धची लस २०१६ साली तयार केली, पण माणसांवरच्या चाचण्यांसाठी कुणी पैसे दिले नाहीत. ५ मार्च २०२० ला होटेझ यांनी हे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. त्यांची ती लस तेव्हाही शीतपेटीतच होती.