सिंधुदुर्गाचें गोडें पाणी

मालवणास जाणारे बहुतेक प्रवासी वाळूचा किनारा पाहूनच परततात. समोरच्या कुरटे बेटावर होडीनें गेलेले तट पाहतात. परंतु या बेटाचा खरा इतिहास आम्हांस तेथील विहिरींत दिसला.

शिवछत्रपतींनीं इ. स. १६६४ मध्यें येथें सिंधुदुर्गाचा पाया घातला. भोंवतीं अथांग खारें पाणी, आणि मध्यें दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तट कितीहि बुलंद असला, तरी तहानलेली शिबंदी वेढ्यांत टिकत नाहीं. आम्ही पणदऱ्याचे, नीरेच्या डाव्या कालव्यानें आमच्याकडील शिवारांत ऊस उभा केला. त्यामुळें पाण्यास दूध-साखर म्हणण्यांत आम्हांस अतिशयोक्ति वाटत नाहीं.

इ. स. १७६५ मध्यें इंग्रजांनीं हा दुर्ग घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. तें लोकांच्या जिभेवर रुळलें नाहीं. विहिरींचीं नांवें मात्र टिकलीं. २०२५ मध्यें युनेस्कोनें या दुर्गास जागतिक वारशांत स्थान दिलें. तटांची निगा राखावीच. परंतु विहिरींचा गाळ उपसणें हेंहि इतिहासरक्षणच होय, असें आमचें मत आहे.