युनोस कॉस्मो : यंत्रप्रगतीचे दोन प्रकार

कूपे म्हणजे दोन दारांची, स्थिर छपराची व मुख्यतः पुढील दोन आसनांसाठी रचलेली मोटार. ‘प्रगत’ हे विशेषण कालसापेक्ष आहे : जे तंत्र आपल्या काळी रूढ नाही आणि रूढ तंत्राहून अधिक काही साधते, ते प्रगत. प्रगत तंत्राचे भवितव्य दोन प्रकारचे संभवते : (1) ते पुढे सार्वत्रिक होते, (2) ते शेवटपर्यंत एकाकी राहते. पहिल्यास अग्रगामी आणि दुसऱ्यास एकाकी म्हणू. 1990 साली माझदा कंपनीने जपानमध्ये आणलेल्या ‘युनोस कॉस्मो’ या कूपेत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात, म्हणून तिचे विवेचन उपयुक्त ठरते.

प्रथम इंजिन. रोटरी इंजिनात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. कॉस्मोच्या वरिष्ठ आवृत्तीत प्रत्येकी 654 घनसेंटिमीटरचे तीन रोटर, दोन टर्बोचार्जर आणि 280 अश्वशक्ती होती. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. म्हणून रोटर 90 अंश फिरवणारा बलप्रदायी टप्पा शाफ्टच्या 270 अंशांवर पसरतो. दट्ट्याच्या चौघाती (फोर-स्ट्रोक) इंजिनात तो 180 अंशांचा असतो. तीन रोटरांत दर 120 अंशांनी नवे ज्वलन सुरू होते, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी सव्वादोन ज्वलने शाफ्टला ढकलत असतात. हीच सरासरी सहा सिलिंडरांत दीड, तर बारा सिलिंडरांत तीन येते. दोन लिटरांहून किंचित लहान इंजिनाची गती इतकी अखंड का, याचे उत्तर या गणितात आहे. ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक समाधान देणारे आहे.

परंतु ज्या आकारातून हा गुण येतो, त्यातूनच दोषही येतो. ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने घनफळाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे राहते. उष्णता भिंतींतून निसटते आणि इंधन अधिक लागते. दोष आकारातच असल्याने सुधारणेला मर्यादा पडते. तीन रोटरांचे इंजिन दुसऱ्या कोणत्याही उत्पादित मोटारीत बसवले गेले नाही. ते एकाकी.

दुसरे तंत्र उपग्रहाधारित मार्गदर्शनाचे. होंडाने 1981 साली जायरोस्कोपवर चालणारा नकाशादर्शक दिला होता. त्यात आरंभस्थान चालकाने सांगावे लागे आणि चूक अंतरागणिक साचत जाई. कॉस्मोच्या स्पर्शपटलावर मात्र स्थान थेट उपग्रहांवरून उमटे. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता 1575.42 मेगाहर्ट्‌झ. 

अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातील चूक या चार अज्ञातांसाठी चार उपग्रह दिसणे आवश्यक असते. 1990 साली ही अमेरिकी उपग्रहमालिका अपूर्ण होती. शिवाय मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी संकेत हेतुतः बिघडवत असे, त्यामुळे सुमारे शंभर मीटरांची चूक संभवे. ओतूर गावच्या बाजारपेठेत शंभर मीटर म्हणजे पुढची आळी. माळशेज घाटात तेवढ्यानेच स्थान रस्ता सोडून दरीत पडते, आणि तिथे अर्धे आकाश कड्याने झाकलेले असते. तथापि हे दोष मोटारीबाहेरचे होते. उपग्रह वाढले, अडथळा उठला, आणि तत्त्व न बदलता तंत्र अचूक झाले. आज मंचरहून भीमाशंकरला जाणारा प्रवासी खिशातल्या फोनमध्ये तेच तत्त्व वापरतो. ते अग्रगामी.

कॉस्मो दुर्मिळ का, हा प्रश्न वेगळा आहे. एकूण 8,875 मोटारी झाल्या. कंपनीने त्या केवळ जपानमध्ये विकल्या. जमीन व समभागांच्या फुगलेल्या किमतींच्या काळात मोटार आखली गेली. बाजारात येताना तो फुगवटा फुटत होता. इंधनखर्चाने ग्राहक घटले हे खरे. तरी मुख्य कारण हा कालयोगच मानावा लागतो.