आजोबांची पलटण कोणती? एका चुकीची दुरुस्ती



मागच्या वेळी प्रश्नोत्तरांच्या शेवटी पारनेर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं होतं, "सर, आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, एवढंच घरात माहीत आहे. ते कुठल्या पलटणीत होते हे आता शोधता येईल का?" आम्ही घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुढच्या वेळी बोलू म्हणालो. खरं कारण वेळेचं नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आम्हाला आमची स्वतःची एक चूक कबूल करावी लागणार होती. ती आज करतो. पण आधी ताईंचा प्रश्न घेऊ.

आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली दिसते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या जिभेवर अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) त्या फरशीवर मजकूर असा, की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसं गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. आकडा आहे, नाव नाही. लहानपणी आम्ही अशा फरशीला टेकून बसायचो. कोण गेलं होतं, हे विचारावं असं कधी सुचलं नाही.

आता तिकडे इराकात बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे, त्याची गोष्ट पाहा. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं ते स्मारक. त्यात ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची कोरली. बाकीच्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि खाली 'आणखी इतके शिपाई' एवढंच आलं. म्हणजे गावात आकडा, आणि जिथं मेला तिथंही आकडा. या दोन आकड्यांच्या मधे एक माणूस हरवलेला आहे. त्याला शोधायचा दोरा म्हणजे त्याची पलटण.

पलटणीलाच एवढं महत्त्व का? कारण त्या काळी प्रत्येक पलटणीला रोजची युद्धदैनंदिनी लिहावी लागे. आज मुक्काम कुठं, किती मैल चाललो, किती मेले, किती जखमी झाले. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण पलटण कळली की तो शिपाई कुठल्या महिन्यात कुठल्या नदीकाठी होता, हे कळतं. नाव सापडलं नाही तरी त्याचे दिवस सापडतात.

आता थोडा आकड्यांचा घोळ सोडवू, कारण बहुतेक घरं इथंच अडकतात. मुंबई इलाख्याच्या फौजेत पलटणींना साधे क्रमांक होते. तिसरी, पाचवी, दहावी, चौदावी, सोळावी, सतरावी. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी सगळ्या हिंदी फौजेचे क्रमांक एका माळेत ओवले, तेव्हा मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले. तिसरीची झाली १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. याच क्रमांकांनी ही माणसं महायुद्धावर गेली. पुढे १९२२ साली पुन्हा फेररचना झाली. सहा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट केली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी शिक्षणासाठी दहावी.

म्हणजे एखाद्या घरात आजोबा 'एकशे दहा'मध्ये आणि चुलते 'तिसरी'मध्ये होते असं सांगत असतील, तर ती दोघं एकाच पलटणीतली. आपल्या जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पहिल्या बटालियनचे, म्हणजे जुन्या १०३ वीचे वारस. त्यांची पलटण सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती राजपत्रात छापली गेली. बाकीच्यांची आपल्याला शोधावी लागते.

दुसरा घोळ छावणीचा. "आजोबा नगरच्या छावणीत होते, म्हणजे रणगाड्यावर असणार," असं आम्हाला अनेकजण सांगतात. नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, म्हणून आजचं चित्र आपण मागं लावतो. छावणी म्हणजे जागा, पलटण म्हणजे माणसं. एका जागेवरून कितीतरी पलटणी येतात नि जातात.

तिसरा घोळ जातीचा, आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. लढाईवर गेलेला प्रत्येक मराठी माणूस मराठा पलटणीतच होता असं नाही. महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी बंद केली होती. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. आज ज्या महार रेजिमेंटचं नाव आपण घेतो, ती १९४१ ची. तेव्हा पणजोबा १९१७ नंतर गेले असतील, तर १११ हा आकडा विसरू नका. शिवाय खेचरं हाकणारे, पाणके, डोलीवाले, मजूर हेही गेले होते. घरात त्यांनाही 'पलटणीत होते' असंच म्हणत.

शोधायचं कुठं? पणजोबा तिकडेच मेले असतील तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. स्मारकावर नसलेली नावं या यादीत आहेत, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही दिलेला असतो. मात्र गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून पाहा. पलटणीच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. आडनाव बहुधा नसतंच, शिपायाचं नाव आणि बापाचं नाव यावरच भिस्त ठेवा. माणूस दुसऱ्या महायुद्धातला असेल तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करता येतो. त्याचा शिपाई-क्रमांक दिलात तर शोध सोपा होतो.

आणि जो जिवंत परत आला, त्याची पलटण बहुतेक वेळा घरातच असते. पेन्शनच्या कागदावर, नाव कमी केल्याच्या दाखल्यावर, नाहीतर पदकावर. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक उताणं-पालथं करून सगळे बघतात, कड कुणी बघत नाही. मेलेल्या शिपायाच्या घरी काशाची एक मोठी गोल चकती येई. तिच्यावर मात्र फक्त नाव असतं, हुद्दाही नाही आणि पलटणही नाही. मरणात सगळे सारखे, असा तिचा अर्थ.

आता आमची चूक.

काही वर्षांपूर्वी याच व्याख्यानमालेत आम्ही सांगितलं होतं, की आमचे आजोबा कुतच्या वेढ्यात होते. कुत-अल-अमारा हे तैग्रिस नदीकाठचं गाव. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये तिथं वेढलं. २९ एप्रिल १९१६ रोजी ती उपाशी फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आम्ही हे सांगितलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

आजोबा आम्ही लहान असतानाच गेले. त्यांची तीनच वाक्यं घरात उरली. "बसऱ्याला होतो, भूक काढली." हे पहिलं. दुसरं, "मी काळ्या पाचवीतला." आणि तिसरं, "येशूच्या मुलखात बी शेरडं राखत्यात." दुसऱ्या वाक्याचा अर्थ घरात असा घेतला होता, की आजोबा पाचवीपर्यंत शिकले. आजी हसून म्हणायची, "पाचवी काळी, कारण नापास झाले आसतील." तिसऱ्याचा अर्थ, नगरला अमेरिकन मिशनच्या आवारात मेंढपाळ येशूची चित्रं असत, ती पाहून म्हणाले असतील. राहिलं पहिलं. आमचे वडील शिक्षक, वाचनवेडे. त्यांनी कुतची हकिगत वाचली. बसरा आहे, भूक आहे, मराठा पलटणी आहेत. मग आपले वडील तिथंच असणार.

आपल्याकडे न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगताना अनुमान वेगळं आणि शब्द वेगळा सांगितलाय. शब्द म्हणजे विश्वासू माणसानं सांगितलेलं. वडिलांनी केलं ते अनुमान होतं. आमच्या कानावर आलं तोपर्यंत ते शब्द होऊन बसलं होतं. 'असणार'चं 'होते' कधी झालं, हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. आयुष्यभर वर्गात हा फरक शिकवला, आणि घरात मात्र आम्ही तो तपासला नाही.

आजोबांची दोन पदकं होती. चांदीचं १९७२ च्या दुष्काळात मोडलं. दोन-अडीच तोळे चांदी, त्या वर्षी तिचं धान्य झालं. त्यात कुणाची चूक नाही. दुसरं विजयपदक काशाचं, ते सोनाराने घेतलंच नाही, म्हणून राहिलं. आत्याच्या पेटीत बांगड्यांच्या खाली होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या सुनेनं ते आम्हाला आणून दिलं. आम्ही ते भिंग लावून खिडकीपाशी धरलं. आजोबांच्या नावाची अक्षरं उलटीसुलटी झालेली, पण आकडा स्वच्छ होता. १०५.

१०५ वी म्हणजे मुंबईच्या फौजेची जुनी पाचवी. लष्करात तिचं टोपणनाव आजही 'काली पाँचवीं' आहे. आजोबा शाळेबद्दल बोलतच नव्हते! आणि ही पलटण कुतला कैद झाली नाही. ती मेसोपोटेमियात होती, तिथून १९१८ मध्ये लाहोर डिव्हिजनबरोबर पॅलेस्टाईनला गेली आणि त्या सप्टेंबरात मेगिद्दोच्या लढाईत लढली. येशूचा मुलूख तो. शेरडं त्यांनी चित्रात पाहिली नव्हती.

आमच्या एका विद्यार्थ्यानं शंका काढली. "सर, एका पलटणीची माणसं दुसरीत पाठवत. आधी कुतला असतील, मग १०५ मध्ये आले असतील." शंका चांगली आहे. कडेवर एकच पलटण असते, माणूस दोन पलटणींत असू शकतो. पण कुतला पकडले गेलेले बहुतेक सारे शिपाई युद्ध संपेपर्यंत तुर्कांच्या कैदेत होते. अशा माणसाला १९१८ मध्ये पॅलेस्टाईनात शेरडं दिसणं जवळजवळ अशक्य. आणि भुकेचं म्हणाल, तर ती फक्त वेढ्याच्या आत नव्हती. १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या बाकीच्या फौजेलाही ताजा भाजीपाला मिळत नव्हता, स्कर्व्हीनं हजारो हिंदी शिपाई आजारी पडले. तेव्हा आजोबांची तिन्ही वाक्यं खरी होती. खोटं होतं ते आपण त्यांना जोडलेलं चौथं.

खरं सांगतो, वाईट वाटलं. कुतची हकिगत वडिलांच्या फार जवळची होती, ते ती डोळ्यांत पाणी आणून सांगत. आज ते असते तर आम्ही त्यांना हे सांगितलं असतं का, माहीत नाही. पण एक लक्षात आलं. कुतची गोष्ट धरून ठेवायची, तर आजोबांची स्वतःची दोन वाक्यं आम्हाला थट्टेवारी न्यावी लागत होती. ती सोडली, आणि पन्नास-साठ वर्षांनी आजोबांचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. यादी नंतर उघडा. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि पणजोबांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, अर्थ लागो न लागो. 'ते म्हणायचे' एका रकान्यात, 'आम्हाला वाटतं' दुसऱ्या रकान्यात. मग पेट्या उघडा, पदक सापडलं तर कड बघा, घासून लख्ख करू नका, अक्षरं झिजतात. आणि तुमच्या गावात ती फरशी असेल, तर तिच्यावरच्या आकड्यातलं एक नाव आपल्याला मिळालं, असं समजा. बाकीची गावानं शोधायची आहेत.

पुढच्या वेळी येताना कुणाला आपल्या घरातली अशी वाक्यं आणता आली तर आणा. आपण ती एकत्र बसून वाचू.