आईची वाकलेली पाठ

परवा भाचीच्या मुलीचा फोन आला. सातवा महिना लागलाय. म्हणाली, "आजी, बाळंतपणात हाडं झिजतात म्हणतात, खरं का गं?" आणि मला एकदम माझी आई आठवली. चौथ्या बाळंतपणानंतर ती जी वाकली ती कायमचीच. वय अवघं बत्तीस! "बाईच्या जातीला चालायचंच" म्हणून कोणी डॉक्टरला दाखवलंही नाही.

म्हणून थोडं वाचन केलं. श्रीनगरला काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यावर पुस्तक लिहिलं. शहरातल्या पडदानशीन बायकांची हाडं मऊ पडत, कटीची हाडं दबून वाट अरुंद होई, मूल अडे. पण तिथल्याच नावाड्यांच्या बायका, दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या, सुखरूप मोकळ्या होत. फरक होता तो उन्हाचा! अंगावर ऊन पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय अन्नातला चुना नीट अंगी लागत नाही. पुढे डॉ. डॅग्मार विल्सन यांनी कांगड्यातही या आजाराचा अभ्यास केला.

हा हाडं मऊ पडण्याचा आजार. हाडं विरळ, ठिसूळ होणं हे वेगळं. गरोदरपणाशी जोडलेला तसा आजार नॉर्डिन आणि रोपर यांनी १९५५ साली मांडला. तो दुर्मीळ आहे, पण त्यात तरुण आईचे मणके दबतात, मोडतातसुद्धा.

मग हाडं झिजतात का? बाळाच्या सांगाड्याला सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. त्यासाठी आईचं आतडं अन्नातून जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषू लागतं. अंगावर पाजताना मात्र थोडं हाडांतून जातं. मूल दूध सोडलं की बहुतेकींचं ते भरूनही येतं.

आमच्याकडे पडदा नव्हता, पण बाळंतिणीची खोली अंधारीच असायची. डिंकाचे लाडू होते, ऊन नव्हतं. आईला नक्की काय झालं होतं ते आता कळायचं नाही.

पोरीला एवढंच सांगितलं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नकोस, सकाळी जरा उन्हात बस. आणि पाठ फार दुखली तर सोसत बसू नकोस, लगेच सांग. सोसणारी एक आमच्या घरात होऊन गेली, तेवढी पुरे.