जॉर्ज वीआ : क्रीडांगणातून राष्ट्राध्यक्षपदाकडे
मन्रोव्हियाच्या गरीब वस्तीत वाढलेले जॉर्ज वीआ हे १९९५ चा 'बॅलन डी'ऑर' मिळविणारे एकमेव आफ्रिकी फुटबॉलपटू होत. लायबेरियातील यादवी २००३ मध्ये संपल्यानंतर २००५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते पहिल्या फेरीत आघाडीवर होते. मात्र अल्प शिक्षणावरून त्यांच्यावर टीका झाली व अंतिम फेरीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या. त्यानंतर वीआ यांनी उच्च शिक्षण पूर्ण केले. २०१४ मध्ये ते सिनेटवर व २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. २०२३ मध्ये जोसेफ बोआकाई यांच्याकडून अल्प मतांनी झालेला पराभव त्यांनी अंतिम निकालापूर्वीच मान्य केला. लोकप्रियतेने सत्ता मिळू शकते. परंतु यादवीत होरपळलेल्या राष्ट्रात लोकशाही रुजते ती पराभव स्वीकारण्यातून, हेच या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.